देव दुसऱ्यांदा पाण्यात

आमच्या वरच्या खोलीत राहणारी मुलगी ज्या देशाची आहे, त्या देशाचं नाव मी इथे लिहिणार नाही. तिचे भाऊ अजून तिथेच राहतात आणि तिथलं वारं कधी फिरेल याचा नेम नाही. आफ्रिकेच्या पश्चिमेला आहे, एवढं पुरे. ती राहायला आली त्या दिवशी मी नातवाचा नकाशा उघडून मोठ्या ऐटीत शेजारच्याच देशावर बोट ठेवलं होतं. तिने हसून माझं बोट उचललं आणि थोडं डावीकडे सरकवलं.

हैदराबादला अंबरपेठेत आमचं घर मुख्य रस्त्यापासून जरा आत आहे. खाली आम्ही तिघं: मी, आमचे हे आणि सासूबाई. मुलगा-सून नोकरीमुळे गच्चीबावलीला गेले, वरची खोली रिकामी झाली, म्हणून ती भाड्याने द्यायची ठरवली. पहिली चौकशी आली ती हिचीच. दिलसुखनगरच्या पलीकडे एका फार्मसी कॉलेजात शिकत होती आणि हॉस्टेलला विटली होती. गल्लीत लगेच कुजबुज सुरू झाली. समोरच्या अक्कांनी मला फाटकाशी गाठून विचारलं, असल्या लोकांना घर कशाला देता म्हणून. अक्का तेलुगू, मी मराठी, त्यामुळे आमची सगळी भांडणं आणि सगळं प्रेम दखनीत, म्हणजे इथल्या हैदराबादी हिंदीतच चालतं. मी त्यांना म्हटलं, मेरा घर है, मैं देखती. कुणी नको म्हटलं की मला ती गोष्ट करावीशी वाटते, हा माझा जुना रोग आहे.

पण खरा निकाल दिला तो सासूबाईंनी. त्या उदगीरकडच्या शेतकऱ्याच्या घरातल्या. लग्न होऊन हैदराबादला आल्या त्याला साठ वर्षं होऊन गेली, तरी माणूस पारखायची त्यांची रीत गावाकडचीच. त्यांनी मुलीला समोर बसवलं आणि बाप काय करतो ते विचारलं. मी हिंदीत सांगितलं. मुलगी म्हणाली, जानवरों के डॉक्टर. "गुरांचा डॉक्टर हाय व्हय," सासूबाई म्हणाल्या, "मग दे खोली. गुरांपुढं खोटं बोलून भागत न्हाई." विषय तिथेच मिटला.

तीन वर्षांत ती आमच्यात रुळली. रिक्षावाल्यांशी ती माझ्यापेक्षा बरी दखनी बोलायला लागली. सासूबाईंकडून मोडकंतोडकं मराठी उचललं, त्यातही आधी उचलले ते रागावण्याचे शब्द. रविवारी नारायणगुड्याच्या चर्चमधून परत आली की थेट आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. आपल्या देशाबद्दल मात्र फारसं बोलायची नाही. तिथे बरीच वर्षं लष्कराची सत्ता होती, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

एकदा मेथी निवडताना तिने आजोबांची गोष्ट सांगितली. तिथे शेवटची खरी निवडणूक झाली तेव्हा तिचे आजोबा उभे होते. मतमोजणी झाली, ते हरले, मोजणीच्या ठिकाणाहून घरी यायला निघाले आणि पोहोचले नाहीत. कुणी नेलं, कुठे नेलं, काही कळलं नाही. पुढे सगळंच लष्कराच्या हातात गेलं आणि विचारायचं तरी कुणाला हाही प्रश्न उरला नाही. "हमारे पास हारा हुआ आदमी घर नहीं आता," ती म्हणाली, "इसलिए कोई हारने को तैयार नहीं होता." बसचं वेळापत्रक सांगावं तितक्या सपाट आवाजात ती हे बोलली आणि पुढची जुडी ओढून घेतली. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

गेल्या वर्षी तिथले सेनापती बराकीत परतले आणि संसदेच्या निवडणुका जाहीर झाल्या. आमच्या टीव्हीवर त्याची एक ओळसुद्धा आली नाही. मला ती बातमी कळली ती जिन्यावरून. मुलगी एक एक पायरी सावकाश उतरत खाली आली, हातात फोन, आणि म्हणाली की पापा उभे राहिले आहेत. मी अभिनंदन केलं. ती म्हणाली, मम्मी त्यांच्याशी बोलत नाहीये. मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला.

निवडणूक म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये, असं मला तेव्हा वाटायचं. नारायणगुड्याच्या शाळेत मी गणित शिकवलं आणि सरकारने बोलावलं तितक्या वेळा मतदान केंद्रावर ड्यूटी केली. लोकांच्या बोटांना शाई लावली, भांडणं सोडवली, मशीन सील होईपर्यंत उपाशी बसले. तेव्हा मी आणि हे आळीपाळीने तिला धीर द्यायचो. हे वीज खात्यातून निवृत्त झालेले, बोलायला माणूस हवाच असतो. आपल्याकडे कसं शांतपणे होतं, हरलेला दुसऱ्या दिवशी कसा चहा पीत बसलेला दिसतो, असं आमचं चाललेलं असायचं. ती मान डोलवायची. मध्येच काही सांगू पाहायची, पण आमच्या ह्यांचं वाक्य संपलं तर ना.

तिथल्या मतदानाच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. अमका देव पाण्यात घालून बसलाय, असं आपण सहज म्हणतो. आमच्या सासूबाई खरंच घालतात. यांच्या बायपासच्या वेळी घातले होते, मुलाच्या प्रवेशाच्या वेळी घातले होते. गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबा-भवानीचे टाक, सगळे देव्हाऱ्यातून काढून मोठ्या पितळी पातेल्यात ठेवायचे, ते बुडतील इतकं पाणी भरायचं आणि मागणं पूर्ण होईतो बाहेर काढायचे नाहीत. मुलगी पातेल्यापाशी वाकून बघत बसली. तिची प्रार्थना वेगळी, तिचा देव वेगळा, पण तिला काळजी पडली. बुडतील ना, तिने विचारलं.

"बुडू दे," सासूबाई म्हणाल्या. "जीव गुदमरतो म्हंजी काय असतंय, त्यांनाबी जरा कळू दे."

मी ते हिंदीत करून सांगितलं तेव्हा ती त्या दिवसात पहिल्यांदा हसली. सासूबाईंनी मागणं मोठ्याने मागितलं, तिला ऐकू जावं म्हणून: पोरीच्या बापाला निवडून आण.

त्यांच्यात आणि आपल्यात साडेपाच तासांचं अंतर आहे. आमची सकाळ म्हणजे तिथली मध्यरात्र. निकालाच्या दिवशी मी चहा गाळत होते आणि जिना दणाणला. ती धावत खाली आली, चप्पल नाही, केस मोकळे, आणि सासूबाईंना मिठी मारून म्हणाली, पापा पहले नंबर पे हैं. पुढेही काहीतरी म्हणाली, अभी और है, थांबायला हवं, असं. आम्ही समजलो, अजून काही मतं मोजायची राहिली असतील. पहिला आला म्हणजे आला. आपल्याकडे निवडणुकीत याच्या पलीकडे काय असतं?

सासूबाईंनी देव वर काढले, पुसले, देव्हाऱ्यात ठेवले. हे स्कूटरवरून नारायणगुड्याला गेले आणि पेढे घेऊन आले, येताना झेंडूचा हारही आणला. मुलीला पाटावर बसवलं, सासूबाईंनी औक्षण केलं, यांनी हार घातला आणि मी तिच्या तोंडात पेढा कोंबला. रात्रभर जागी होती, हसत होती, रडत होती, जे म्हणू ते करत होती. तिने एकदा हात वर करून थांबा अशी खूण केली, तर आम्हाला वाटलं, लाजते आहे. आमच्या ह्यांनी सगळ्याचा व्हिडिओ काढला. त्यात मागून त्यांचा आवाजही येतो, इंग्रजीत: ही आमची लेक, हिचे वडील आज खासदार झाले. मग मी डबा घेऊन गल्लीत फिरले. अक्कांनी दोन पेढे खाल्ले आणि मुलीच्या डोक्यावरून हात फिरवायला घरी आल्या. तीन वर्षांपूर्वीचं बोलणं त्या विसरल्या होत्या, मी विसरले नव्हते, पण बोलले नाही.

दुपारी ती झोपून उठली, तोंड धुऊन खाली आली आणि तिने आम्हाला नीट समजावलं. त्यांच्याकडे नुसतं पुढे असून चालत नाही, अर्ध्याहून जास्त मतं लागतात. पापांना तेवढी नव्हती. मग पहिल्या दोघांमध्ये पुन्हा लढत होते, दोन आठवड्यांनी. गणित सोपं होतं. आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं. आणि या दोन आठवड्यांत पहिला असणं हीच सगळ्यात वाईट जागा आहे, ती म्हणाली, कारण सगळ्यांचे डोळे पहिल्यावर असतात. तेव्हा मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते फोनकडे पाहत होते. त्यांनी तो व्हिडिओ सकाळीच फेसबुकवर टाकला होता, सगळ्या जगाला दिसेल असा.

पुढचं सगळं संध्याकाळपर्यंत घडून गेलं. इथे शिकणाऱ्या तिच्या देशातल्या दोन मुलींनी आनंदाने तो व्हिडिओ पुढे पाठवला, तिथून तो तिच्या गावात पोहोचला. तिथे कुणीतरी त्याखाली लिहिलं की उमेदवाराच्या घरच्यांनी परदेशात बसून विजय जाहीर केला, हार घातले, मिठाई वाटली. त्यांच्याकडे निवडणूक आयोगाच्या आधी आपणच आपला विजय जाहीर करणं हा गुन्हा आहे. मागच्या वेळी लष्कराने सत्ता घेताना हेच निमित्त केलं होतं. विरुद्ध बाजूने तक्रार केली की या माणसाला दुसऱ्या फेरीतून काढून टाका. आणि रात्र पडायच्या आत तिच्या गावाकडच्या घरासमोर मोटरसायकली येऊन उभ्या राहिल्या. त्यावरची मुलं काही बोलत नव्हती, नुसती उभी होती. वडील मागच्या दाराने एक पिशवी घेऊन निघून गेले. कुठे गेले ते आई फोनवर सांगायला तयार नव्हती.

मी ह्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. एवढं वय झालं, बोटाला काही धरबंध आहे की नाही, यापासून सुरुवात झाली आणि लग्नापासूनचं सगळं निघालं. मला राग आला होताच, पण त्याहून जास्त भीती वाटत होती, आणि भीती कुणावर तरी काढावी लागते. ह्यांनी व्हिडिओ पुसून टाकला होता. आता पुसून काय उपयोग, तो शंभर फोनांत जाऊन बसला होता. एरवी माझ्या एका वाक्याला तीन वाक्यं परत करणारे हे त्या दिवशी खाली मान घालून ऐकत राहिले, तेव्हा माझाच आवाज मला नकोसा झाला आणि मी थांबले. ह्यांनी मुलीची माफी मागितली. ती म्हणाली, अंकल, आप अब कुछ मत करो. चांगल्या शब्दांत म्हणाली, पण म्हणाली.

सासूबाईंना सगळं उशिरा कळलं. कळल्यावर त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्यावर पालथं घातलेलं पितळी पातेलं बघत उभ्या राहिल्या.

"म्या घाई केली," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मग पुन्हा ठेवा. तर त्यांच्या माहेरची रीत आडवी आली. एका मागण्यासाठी देव एकदाच पाण्यात बसतात. वर काढले की ते मागणं संपलं, मग ते पुरं झालेलं असो की नसो. देवाला काय खेळणं समजलीस का, असं मलाच ऐकवलं. बराच वेळ त्या जपमाळ घेऊन बसल्या. मग त्यांनी पातेलं पुढ्यात घेतलं, मुलीला हाक मारली आणि शेजारी बसवून घेतलं.

"मागणं बदलू," त्या म्हणाल्या. "आता तू सांग, काय मागू?"

 मला वाटलं, तक्रार फेटाळू दे म्हणेल. ती मान खाली घालून पातेल्याच्या काठावरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, "पापा घर कू आना. बस."

देव दुसऱ्यांदा पाण्यात गेले. या वेळी सासूबाईंनी मागणं मोठ्याने म्हटलं नाही, ओठ तेवढे हलले.

त्यानंतरचे दिवस घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. तिचा फोन वाजला की तिघंही जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे राहायचो. वडील रोज जागा बदलत होते, कधी या गवळ्याकडे, कधी त्या धनगराकडे. आयुष्यभर ज्यांची गुरं तपासली त्यांच्याच गोठ्यांत झोपत होते. तक्रारीचा निकाल लागायचा होता. विरुद्ध बाजूचं म्हणणं असं की मुलगी बापाच्या सांगण्यावरून नटली. त्यावर उत्तर द्यायला हवं, असं मुलीच्या मनात येत होतं, पण आईने बजावलं होतं की कॅमेऱ्यासमोर जाऊ नकोस, तुला एक दिवस परत यायचं आहे. ती दोन दिवस जेवणाशी खेळत राहिली. तिसऱ्या दिवशी ती खाली येऊन ह्यांना म्हणाली, चेहरा तर सगळ्यांनी पाहिलाच आहे. अंकल, माझ्या शेजारी बसाल का?

दुसऱ्या दिवशी ह्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. फोन मी धरला. आधी ती तिच्या भाषेत बोलली. मला कळलं नाही, पण नंतर तिने सांगितलं: हे माझे घरमालक. यांच्या देशात जो पुढे तो जिंकला, एकाच दिवसात सगळं संपतं. यांना आपली रीत माहीत नव्हती. माझ्या वडिलांनी कसलाही विजय जाहीर केलेला नाही. मग ह्यांची पाळी आली. ह्यांनी आदल्या दिवशी मला न सांगता भाषण लिहून पाठ केलं होतं, इंग्रजीत, चांगलं लांबलचक. फोनकडे पाहिल्याबरोबर ते सगळं विसरले. त्यांनी एवढंच म्हटलं की चूक माझी आहे, मी विचारलं नाही, मुलीने मला थांबवायचा प्रयत्न केला होता, मी म्हातारा माणूस आनंदाच्या भरात ऐकलं नाही. मग त्यांनी हात जोडले. चाळीस वर्षांच्या संसारात चूक माझी आहे हे शब्द मी त्यांच्या तोंडून फार वेळा ऐकलेले नाहीत. मला रडू आलं आणि मी ते आवरलं, कारण फोन माझ्या हातात होता.

तो व्हिडिओ किती लोकांनी पाहिला, त्याचा काही उपयोग झाला का, ते मला सांगता येत नाही. तक्रार फेटाळली गेली. वडील दुसऱ्या फेरीत राहिले. मोटरसायकली मात्र हलल्या नाहीत.

दुसऱ्या मतदानाच्या दिवशी तिथलं इंटरनेट बंद झालं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बंदच राहिलं. मुलगी कॉलेजला गेली नाही. मूसारामबागच्या पुलावर बस अडकली तरी मला फोन येतो, आणि तिथे एवढी मोठी निवडणूक होत होती आणि आमच्यापर्यंत चकार शब्द पोहोचत नव्हता. सासूबाई दर सकाळी पातेल्यातलं वरचं पाणी ओंजळीने बदलत होत्या, देव बाहेर येणार नाहीत अशा बेताने. मुलीला सारखं काहीतरी काम हवं होतं. तिने घरातल्या सगळ्या चादरी धुतल्या, मग अक्कांच्याही आणून धुतल्या.  अक्कांनी बाल्कनीतून सगळं पाहिलेलं होतं आणि त्यांना आमच्या व्हिडिओची कहाणी माझ्याआधी गल्लीनेच सांगितली होती.

निकाल सकाळी आला. मी पोळ्यांची कणीक भिजवत होते. या वेळी जिना दणाणला नाही. ती येऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "हार गए."

ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मी पिठाच्या हातांनीच तिच्याकडे गेले. थोडक्या मतांनी हरले होते.  हरलं तर हरलं, असं म्हणायला तोंड उघडलं आणि आजोबा आठवले, तसं ते मिटलं. सासूबाई पातेल्यापाशी बसल्या होत्या. त्यांनी देवांना हात लावला नाही.

"घरी आला का?" त्यांनी विचारलं.

नव्हते आले. मोजणी तालुक्याच्या गावी होती, वडीलही तिथेच गेले होते, निकाल जाहीर झाल्याचं तिथून कुणीतरी कळवलं होतं, पण वडिलांचा फोन बंद होता. तिथे तेव्हा मध्यरात्र उलटलेली. गाव तिथून दोन तासांवर, रस्ता जंगलातला. आजोबाही त्याच रस्त्याने निघाले होते, हे तिने आम्हाला सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून कळलं, आणि विचारल्याचा मला पश्चात्ताप झाला.

मग आम्ही बसून राहिलो. दोन तास होऊन गेले. तिची आई अंगणात दिवा लावून बसली होती, अर्ध्या अर्ध्या तासाने तिचा फोन यायचा आणि दोघी एकमेकींना तेच विचारून ठेवून द्यायच्या. मी कणकेचं काय करावं ते न सुचून पोळ्या लाटत राहिले, लागणार नव्हत्या तितक्या. ह्यांनी एकदा उठून चपला घातल्या आणि पुन्हा काढल्या. कुठे जाणार होते? सासूबाईंचे ओठ हलत होते. मला स्वतःचीच भीती वाटायला लागली होती, कारण मी मनातल्या मनात तिला कसं सांभाळायचं त्याची तयारी करत होते, कुणाला बोलवायचं, चर्चमध्ये कुणाला कळवायचं. म्हणजे मी आशा सोडली होती. तिच्यासमोर बसून, तिचा हात धरून, मी आशा सोडली होती.

जेवणाचं पहिलं ताट वाढायच्या वेळी फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. तिने तो उचलला, पडद्याजवळ तोंड नेऊन पाहिलं. मग फोन आमच्याकडे वळवला.

पत्र्याच्या छपराखाली, पिवळ्या दिव्याच्या उजेडात, एक जाडजूड माणूस बुटकं स्टूल घेऊन बसला होता. शर्टाची बटणं उघडी, पायात बूट तसेच. समोर ताटली होती आणि तो जेवत होता. मागे त्याची बायको कमरेवर हात ठेवून उभी होती आणि त्याला काहीतरी सुनावत होती. तिची भाषा मला येत नाही, पण ते सुनावणं मला ओळखीचं वाटलं. रस्त्यात गाडीचं चाक फुटलं होतं. ज्याने हरवलं त्याच्याच माणसांच्या गाडीने त्यांना घरापर्यंत आणून सोडलं होतं.

मुलगी हसत होती आणि तिचं तोंड वाकडं होत होतं. "खा रहे," ती मला म्हणाली, जसं मला दिसतच नव्हतं. "आंटी, हार गए, और घर में बैठ के खा रहे."

ह्यांनी तिला हळूच एक प्रश्न विचारायला लावला, माझ्या व्हिडिओमुळे हरलात का म्हणून. वडिलांनी घास गिळला आणि मान हलवली. नाही, पहिल्या फेरीत हरलेले बाकीचे सगळे समोरच्याच्या बाजूला गेले, म्हणाले. ते खरं होतं की आमच्या ह्यांचं मन राखण्यासाठी होतं, मला माहीत नाही. ह्यांनाही माहीत नाही, आणि ते अजून मधूनच तो विषय काढतात.

सासूबाईंनी फोनमध्ये डोकावून तो माणूस नीट पाहून घेतला. भाजी कसली आहे तेही विचारलं. मग त्यांनी बाह्या वर केल्या, पातेल्यात हात घातला आणि एक एक देव वर काढला. टाक पदराने पुसताना त्या मला म्हणाल्या की पेढे आण.

मी म्हटलं, सासूबाई, ते हरलेत.

"मंग?" त्या म्हणाल्या. "म्या काय मागितलं होतं?"

हे नारायणगुड्याला गेले. हार आणला नाही, फोन घरीच ठेवून गेले. डबा मुलीने घेतला, मी तिच्याबरोबर निघाले. ज्या ज्या घरी मागच्या वेळी पेढे दिले होते त्या प्रत्येक घरी आम्ही गेलो. दार उघडलं की प्रत्येक जण आधी विचारायचा, जिंकले का, आणि ती सांगायची, नाही, हरले, आणि डबा पुढे करायची. लोक गोंधळायचे, पण पेढा घ्यायचे.

शेवटी अक्का. त्यांनी पेढा हातात धरला आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "हारे तो पेढे कायकू?"

मी उत्तर देणार होते, पण मुलगी मला आवरून पुढे झाली.

"घर कू आ गए अक्का," ती म्हणाली.

 अक्कांनी पेढ्याचे दोन तुकडे केले, एक तिच्या तोंडात घातला आणि दुसरा आपण खाल्ला.